जॉर्जियन शिकायची तर फळवाल्या मावशीपासून सुरुवात करा

जॉर्जियात नव्यानं आलेल्या मराठी माणसाचं वर्गात इंग्रजीवर भागतं, घरमालकाशी फोनवरच्या भाषांतरावर भागतं. अडतं ते कोपऱ्यावरच्या फळांच्या टपरीवर. वैद्यकीय शिक्षणासाठी आपल्याकडची पुष्कळ मुलं तिबिलिसीला, म्हणजे इथल्या राजधानीत, येतात. त्यातली बरीचशी सहा-सहा महिने फळाकडे बोट दाखवतात, बोटांनी आकडा सांगतात आणि पिशवी घेऊन निघतात. मीही सुरुवातीला हेच केलं. पुढे फळांची नावं एकेक करून शिकले, तेव्हा लक्षात आलं की या एका टपरीवर भाषेची लिपी, उच्चार, आकडे आणि विभक्ती हे सगळंच मांडून ठेवलेलं आहे. शिवाय मराठी जिभेची निम्मी तयारी आधीच झालेली असते, हे आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

फळाला जॉर्जियनमध्ये म्हणतात ख़िली. दुकानाच्या पाटीवर बहुतेक वेळा 'ख़िली-बोस्त्नेउली' असं जोडीनं लिहिलेलं असतं. बोस्त्नेउली म्हणजे भाजीपाला.

आधी उच्चार जुळवून घ्या

इथे मी सगळे शब्द देवनागरीत लिहिणार आहे, त्यामुळे कोणतं अक्षर कसं वाचायचं ते आधी ठरवून घेऊ.

'त्स' दिसलं की 'चाक', 'चमचा' यांतला च म्हणा. 'चार', 'चिंच' यांतला नव्हे. 'द्ज़' दिसलं की 'जागा', 'जावई' यांतला ज म्हणा. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लहानपणापासून आपण ते न गोंधळता करतो. जॉर्जियनमध्ये या दोन-दोन उच्चारांना स्वतंत्र अक्षरं आहेत. हिंदीभाषक मित्राला जिथे तासभर सराव करावा लागतो, तिथे तुम्हाला काहीच करावं लागत नाही. नुसता 'ज़' मात्र उर्दूतल्या 'ज़मीन'सारखा. 'झ' दिसला की 'ट्रेझर'मधला झ आठवा. ख़ आणि ग़ हे उर्दूतल्यासारखे घशातून, घासून काढायचे.

ख, थ, फ, छ हे जॉर्जियनमध्ये आपल्यासारखेच हवा सोडून बोलले जातात. थुथा या शब्दातला थ म्हणजे 'थाळी'तलाच थ. इंग्रजीच्या वळणाचं 'टूटा' चुकीचं. फ म्हणताना मात्र दोन्ही ओठ नीट मिटा. हल्ली आपणही 'फळ' म्हणताना खालचा ओठ दातांना लावतो, तो इथे चालत नाही. तो ध्वनी या भाषेत नाहीच. आजीच्या तोंडचा 'फणस' आठवा.

खरी मेहनत लागते ती क, त, प, च, त्स यांच्या अडवलेल्या उच्चारांना. या प्रत्येकाची जॉर्जियनमध्ये जोडी आहे. एक हवा सोडून म्हणायचा, दुसरा हवा अडवून. अडवलेला असा साधा: जड हंडा उचलण्याआधी आपण घशात श्वास रोखतो ना, तसा रोखा. आता श्वास न सोडता 'त' म्हणा. नुसता तोंडातल्या हवेचा बारीक फटाका फुटेल, जिभेच्या टोकावरची बी थुंकल्यासारखा. हाताचा तळवा ओठांसमोर धरून पाहा. 'थ'ला तळव्यावर ऊब लागते, अडवलेल्या 'त'ला लागत नाही. या लेखात साधे क, त, प अडवूनच म्हणायचे.

आणि एक क़. हा घशाच्या पार तळातून, अडवून येतो. इथली मुलं तो या वाक्यावर घोकतात: बाक़ाक़ी त्स्क़ाल्शी क़ीक़ीनेब्स. बेडूक पाण्यात डरावतो. 'त्स्क़ाल्शी' म्हणजे पाण्यात. शेवटचा 'शी' म्हणजे आपला 'त'. शब्दाच्या मागे जोडायचा, अगदी मराठीसारखा. इंग्रजीसारखं आधी येणारं शब्दयोगी इथे शोधत बसू नका. बाज़ारी म्हणजे बाजार आणि बाज़ार्शी म्हणजे बाजारात, एवढ्यात काम होतं.

स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. शेवटची वेलांटी मी मराठी सवयीनं दीर्घ लिहिली आहे, म्हणताना ती आखूडच म्हणा. लिहिलेलं प्रत्येक अक्षर उच्चारलं जातं, मुकं काहीच नसतं.

पहिल्या दिवशी: सहा ओळखीचे शब्द, तेरा अक्षरं

जॉर्जियन लिपीत 33 अक्षरं आहेत. मोठी-लहान लिपी असा भेद नाही आणि एका अक्षराला एकच ध्वनी. ती पाठ करायला तक्ता भिंतीवर लावण्यापेक्षा मोठ्या दुकानातल्या फळांच्या रांगेपुढे उभे राहा. तिथल्या दराच्या चिठ्ठ्यांवर हे सहा शब्द शोधा: बानानी, लिमोनी, आनानासी, मान्गो, मान्दारीनी, किवी. सगळे ओळखीचे, आणि फळ समोरच ठेवलेलं असतं, त्यामुळे अर्थाचं ओझं नाही. चिठ्ठीवरचं एकेक अक्षर फळाच्या नावाशी लावत जा. बानानीत चार अक्षरं मिळतात, लिमोनीत तीन नवी, आनानासीत स, मान्गोत ग, मान्दारीनीत द आणि र, किवीत क आणि व. झाली तेरा.

आनानासी म्हणजे आपलं अननस. आपल्याकडे हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. पुढच्या आठवड्यात फोर्थोख़ाली म्हणजे संत्रं शिकाल, त्या नावात तर पोर्तुगाल हा देशच दडलेला आहे.

त्यानंतर आतामी (पीच), वाश्ली (सफरचंद), लेग़्वी (अंजीर), थुथा (तुती) आणि ख़ुर्मा. या पाचांतून आणखी सात अक्षरं मिळतात, म्हणजे एकूण वीस. मग क़ुर्द्ज़ेनी (द्राक्ष), फोर्थोख़ाली, ख्लिआवी (आलुबुखार), मार्त्स्क़्वी (स्ट्रॉबेरी), मोत्स्वी (ब्लूबेरी), साज़ाम्थ्रो (कलिंगड), झोलो (रासबेरी) आणि आलुछा (छोटं आंबट आलुबुखार). इथवर एकोणतीस होतात. उरलेली चार फळांच्या टोपलीत नाहीत, पण टपरी सोडून कुठे जावंही लागत नाही. ती पुढे येतील.

घाई करू नका. रोज दोन शब्द, आणि ते फळ हातात असताना.

जोडाक्षरांना घाबरू नका

जॉर्जियन म्हटलं की लोक आधी जोडाक्षरांची भीती घालतात, आणि म्स्ख़ाली (नासपती) ऐकल्यावर ती खरीही वाटते. म, स, ख़ अशी तीन व्यंजनं, मध्ये स्वर नाही. आपली चूक ठरलेली असते: मधे अ घुसडून 'मस्खाली' म्हणायचं. त्याऐवजी 'म्हैस' म्हणताना ओठ मिटून जो म् सुरू होतो, तो धरा. आधी नुसतं हुंकारल्यासारखं म्, मग स्, मग ख़ाली. तीन दिवस सावकाश, चौथ्या दिवशी आपोआप जोडलं जातं. इथली बरीच विशेषणंही अशीच म्-नं सुरू होतात: म्त्सिफे म्हणजे पिकलेलं, म्क्वाख़े म्हणजे कच्चं, म्झावे म्हणजे आंबट. गोडाला मात्र त्क्बिली. म् एकदा साधला की ही सगळी एकदम जमतात.

मार्त्स्क़्वी सगळ्यात अवघड. शेवटून शिका: आधी 'क़्वी', मग 'त्स्क़्वी', मग 'मार्त्स्क़्वी'.

लिंगभेद नाही, ही मोठी सुटका. मराठीत तो पेरू, ती चिंच, ते केळं हे नव्यानं शिकणाऱ्याला रडवतं. इथे फळाला लिंगच नाही.

नावं ऋतूप्रमाणे शिका

फळांची यादी वहीत उतरवून पाठ केली तर आठवड्यात विसरते. ऋतूबरोबर शिकलेली राहते, कारण तेवढे दिवस बाजारभर तेच फळ असतं आणि तेच नाव कानावर पडत असतं.

वसंतात सगळ्यांत आधी येतं हिरवं त्क़ेमाली. हे आंबट आलुबुखार, आणि याच नावाची चटणीही. लसूण, कोथिंबीर, मिरची आणि ओम्बालो नावाची पुदिन्याच्या जातीची पाला-वनस्पती घालून ती करतात. आपल्याकडे चिंच-आमसुलाचं स्वयंपाकात जे स्थान, ते इथे या आंबटपणाचं. त्क़ेमाली, आलुछा आणि ख्लिआवी ही तीन नावं मात्र वेगळी ठेवा. ख्लिआवी हे मोठं, गोडसर, आपल्या आलुबुखाराच्या जवळचं. आलुछा नाव फारसीतून आलेलं, आणि आपल्या 'आलुबुखार'मधला 'आलु'ही तोच. फारसीत आलू म्हणजे हेच फळ, बटाटा नव्हे.

मे-जूनमध्ये मार्त्स्क़्वी आणि बाली. बाली म्हणजे गोड चेरी, आणि आंबट चेरी म्हणजे आलुबाली. नावात 'आलु' आलं की आंबट, अशी मी खूण ठेवली आहे. जूनमध्ये गार्गारी (जर्दाळू) आणि थुथा. थुथा म्हणजे आपली तुती. शब्द एकच, दोन्हीकडे पोचलेला. तिबिलिसीत तुतीची झाडं असलेले फुटपाथ त्या दिवसांत काळे-जांभळे होतात. झाडाला खे नव्हे, ख़े म्हणतात, आणि थुथिस ख़े म्हणजे तुतीचं झाड. बागेला म्हणतात बाग़ी. हे भाषांतर करायची गरजच नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये आतामी, लेग़्वी, नेस्वी (खरबूज) आणि साज़ाम्थ्रो. आतामी आणि वाश्ली हे दोन शब्द आले की तिसरा फुकट मिळतो: वाश्लाथामा नव्हे, अडवलेल्या त-नं वाश्लातामा, म्हणजे नेक्टरीन, ते गुळगुळीत सालीचं पीच. सफरचंद आणि पीच जोडून केलेलं नाव.

साज़ाम्थ्रोवर थोडं थांबायला हवं. ज़ाम्थारी म्हणजे हिवाळा. शब्दाला पुढून 'सा' आणि मागून 'ओ' लागला की 'त्यासाठीचं' किंवा 'त्याचं ठिकाण' असा अर्थ होतो. म्हणजे साज़ाम्थ्रो या शब्दाचा सरळ अर्थ 'हिवाळ्यासाठीचं', आणि हिवाळी कपड्यांनाही हेच विशेषण लावतात. ऐन उन्हाळ्यातल्या फळाला हे नाव आहे, आणि हे एकदा कळलं की ते कधीच विसरत नाही. हाच सा-ओ इथले लोक आपल्या देशाच्या नावातही वापरतात: साखार्थ्वेलो, खार्थ्वेली लोकांचं ठिकाण. जॉर्जिया हे नाव बाहेरच्यांनी वापरायचं, घरात साखार्थ्वेलो.

सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे क़ुर्द्ज़ेनी. द्राक्ष हे इथे नुसतं फळ नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा इथल्या मातीच्या भांड्यांत सुमारे 8000 वर्षांपूर्वीच्या वाइनचे अंश सापडल्याचं सांगितलं आहे. जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणांत, म्हणजे ख्वेव्रीत, वाइन मुरवायची इथली पद्धत 2013 साली युनेस्कोच्या यादीत गेली. देशी द्राक्षांच्या 500 हून अधिक जाती आहेत. जातींची नावं म्हणजे शब्दांचा खजिनाच: र्खात्सिथेली यात त्सिथेली म्हणजे लाल आणि र्खा म्हणजे वेलीची काडी. पांढरं द्राक्ष, पण काडी लाल. साफेरावी यात फेरी म्हणजे रंग, साफेरावी म्हणजे रंग देणारं, गरही लालसर असलेलं द्राक्ष. बाजारात जातीचं नाव नाही घेतलं तरी चालतं. थेथ्री क़ुर्द्ज़ेनी म्हणजे पांढरी द्राक्षं, शावी क़ुर्द्ज़ेनी म्हणजे काळी. विशेषण आपल्यासारखंच नामाच्या आधी. घडाला म्तेवानी म्हणतात. काख़ेथी प्रांतात द्राक्षांची तोडणी, म्हणजे र्थ्वेली, याच दिवसांत असते. कुणी बोलावलं तर अवश्य जा. दोन दिवसांत महिन्याभराचे शब्द मिळतात.

शरदात ब्रोत्सेउली (डाळिंब), कोम्शी (क्विन्स, नासपतीसारखं पण कडक आणि सुवासिक) आणि ख़ुर्मा. नोव्हेंबरकडे काळ्या समुद्राकाठच्या आजाराहून मान्दारीनी येतात. 'आजारा' हे तिथल्या प्रांताचं नाव, बातुमी त्याचं मुख्य शहर. नावाला घाबरू नका, मान्दारीनी उत्तम असतात. पश्चिमेकडूनच फेइख़ोआ येतो. हिरवं, अंड्याएवढं, पेरूच्या कुळातलं फळ. चमच्यानं गर खायचा.

ख़ुर्म्याची फसगत

शीरखुर्म्यातला खुर्मा म्हणजे खजूर. तो फारसी शब्द डोक्यात घेऊन मी पहिल्या शरदात ख़ुर्मा मागितला आणि हातावर नारिंगी, टोमॅटोसारखं फळ आलं. जॉर्जियनमध्ये ख़ुर्मा म्हणजे पर्सिमन. खजुराला इथे फिनिकी म्हणतात. मी ते तिथेच चावलं. कडक होतं. जीभ, टाळू, हिरड्या सगळं एकदम आखडलं, तोंडात लोकरीचा बोळा कोंबल्यासारखं झालं. टेंभुर्णीचं अर्धकच्चं फळ ज्यांनी खाल्लं आहे त्यांना ही चव ठाऊक असेल. दोन्ही झाडं एकाच कुळातली.

टपरीवरच्या बाईंनी मान हलवली आणि एक शब्द उच्चारला: म्त्स्क्लार्ते. तुरट. इंग्रजीत या चवीला रोजच्या वापरातला शब्द नाही, पण मराठीत आहे आणि जॉर्जियनमध्येही आहे. तो शब्द मी तोंड आखडलेलं असताना शिकले, त्यामुळे आजही लिहून ठेवावा लागत नाही.

ख़ुर्मा घेताना बोटानं हलकेच दाबून पाहा. पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखा मऊ झालेला असेल तरच लगेच खा. कडक असतानाही न आखडणारी एक जात असते, तिला बाजारात कारालिओकी म्हणतात. नाव घेऊन मागा. उरलेला ख़ुर्मा सोलून, दोऱ्यात ओवून ओसरीत टांगतात. त्याची होते ख़ुर्मिस छिरी. छिरी म्हणजे सुकवलेलं फळ.

बरणीवरचं नाव का ओळखू येत नाही

फळांची नावं पाठ झाली म्हणून बरण्यांच्या रांगेपुढे गेलात तर अर्धी नावं अनोळखी निघतील. बरणीत उघडउघड चेरी दिसतेय, पण चिठ्ठीवर बाली नाहीच, काहीतरी 'ब्लिस' लिहिलंय. मी ते एखाद्या कंपनीचं नाव समजले होते.

नियम असा. बहुतेक फळांच्या नावाच्या शेवटची इ हा मूळ शब्दाचा भाग नाही, तो प्रथमेचा प्रत्यय आहे. 'चा-ची-चं' म्हणायचं तर ती इ काढून इस लावायचा: वाश्ली, वाश्लिस. वाश्लिस त्स्वेनी म्हणजे सफरचंदाचा रस. ख़ुर्मा, थुथा यांसारख्या शब्दांचा शेवटचा आ जाऊन इस येतो. ओ-नं संपणारे नुसता स घेतात: साज़ाम्थ्रोस, झोलोस.

आणि कित्येक शब्दांत इस लागला की शेवटून दुसरा स्वर गळतो. आतामी, पण आत्मिस. म्स्ख़ाली, पण म्स्ख़्लिस. क़ुर्द्ज़ेनी, पण क़ुर्द्ज़्निस. आलुबाली, पण आलुब्लिस. आणि बाली, पण ब्लिस. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे विचित्र वाटतं. मराठी माणसानं विचित्र मानायचं कारण नाही. कापूस, पण कापसाचा. माणूस, पण माणसाचा. प्रत्यय लागला की उपांत्य स्वर गळतो, हे आपण शाळेत जायच्या आधीपासून करतो. कापूस-कापसाचा हे मनात म्हणत क़ुर्द्ज़ेनी-क़ुर्द्ज़्निस म्हणून पाहा. लय तीच लागते.

तर त्या बरणीवर होतं 'ब्लिस मुराबा'. मुराबा म्हणजे मुरंबा. शब्द तोच, वस्तूही जवळपास तीच: अख्खं फळ पाकात. काक्लिस मुराबा मिळाला तर जरूर घ्या. कोवळे हिरवे अक्रोड अख्खेच मुरवतात, ते काळेभोर आणि मऊ होतात. अक्रोडाला दोन शब्द आहेत. कवचासकट असेल तर, आणि झाडालाही, काकाली. स्वयंपाकासाठी फोडलेला गर मागायचा तर निगोज़ी म्हणा. थ्ख़िली म्हणजे हेझलनट, त्साब्ली म्हणजे चेस्टनट, नुशी म्हणजे बदाम.

टपरीवर दोरीला टांगलेल्या, मेणबत्तीसारख्या दिसणाऱ्या काड्या म्हणजे छुर्छ्ख़ेला. दोऱ्यात ओवलेले अक्रोड किंवा हेझलनट द्राक्षाच्या घट्ट शिजवलेल्या रसात पुन्हापुन्हा बुडवून सुकवतात. शेजारी कापडासारखी गुंडाळी असेल ती त्क़्लापी. आंबट आलुबुखाराचा किंवा दुसऱ्या फळाचा गर उन्हात पातळ पसरून सुकवलेला. आंबापोळी-फणसपोळी ओळखणाऱ्याला अधिक सांगायला नको. मात्र आंबट त्क़्लापी इथे आमटीसारख्या पातळ पदार्थांत आंबटपणासाठीही घालतात. या त्क़्लापीत तिसावं अक्षर मिळतं, अडवलेला प. आणि द्राक्षं दाबून रस काढल्यावर मागे उरतो तो चोथा, आणि त्यापासून गाळलेली दारूही, चाचा. तिच्यात अडवलेला च. एकतीस.

आकडे: विसाविसांनी

एक ते दहा पाठच करा: एर्थी, ओरी, सामी, ओथ्ख़ी, ख़ुथी, एख्व्सी, श्विदी, र्वा, त्स्ख़्रा, आथी. वीस म्हणजे ओत्सी. पुढे सगळं विसांत चालतं. चाळीस म्हणजे ओर्मोत्सी, दोन विशा. साठ सामोत्सी, तीन विशा. ऐंशी ओथ्ख़्मोत्सी, चार विशा. तीस म्हणजे ओत्स्दाआथी, वीस आणि दहा, तर पन्नास म्हणजे ओर्मोत्स्दाआथी, दोन विशा आणि दहा. कोडीनं आंबे मोजणाऱ्या घरातल्यांना हा हिशोब जड जाणार नाही. अर्ध्याला नाख़ेवारी, आणि ओर्नाख़ेवारी म्हणजे अडीच.

आकड्यापुढे नाम एकवचनीच ठेवायचं: ख़ुथी वाश्ली, पाच सफरचंद. अनेकवचनाचा 'एबी' (वाश्लेबी) आकडा असताना लावत नाहीत. नगावर विकत असतील तर त्साली म्हणजे नग. नाणं लारी, आणि एका लारीत शंभर थेथ्री. हो, पांढऱ्याचा शब्द तोच.

आता प्रत्यक्ष विकत घ्या

तिबिलिसीत असाल तर रेल्वे स्टेशनजवळच्या देज़ेर्तिरांच्या बाजारात सकाळी जा. गर्दी असते, पण एवढी फळं एका जागी आणि एवढे बोलणारे लोक दुसरीकडे मिळत नाहीत. ज्यांच्या टोपलीत फळं थोडी आणि घरची दिसतात अशा वयस्क बाईंकडे थांबा. त्यांना बोलायला वेळ असतो आणि चुकलं तर त्या शब्द पुन्हा म्हणतात.

हाक मारायची 'देइदा'. देदा म्हणजे आई, दा म्हणजे बहीण आणि देइदा म्हणजे मावशी. दादर-पुण्याच्या मंडईत आपण जी हाक मारतो तीच, शब्दशः. आधी नमस्कार: गामार्जोबा. या शब्दातला ज 'जिरे'तला, आणि तो बत्तिसावा. मोठ्यांना म्हणताना शेवटी थ लावा: गामार्जोबाथ. हा थ आदराचा. मोमेत्सी म्हणजे दे, मोमेत्सिथ म्हणजे द्या. आपण अनोळखी माणसाला 'दे' म्हणत नाही, तसंच इथेही. थ विसरू नका.

रा ग़िर्स किलो? किलो कसे? शेइद्ज़्लेबा गाव्सिन्जो? चाखून पाहू का? हे विचारल्यावर नाही म्हणणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. मग: मोमेत्सिथ, थु शेइद्ज़्लेबा, एर्थी किलो आतामी. 'थु शेइद्ज़्लेबा' म्हणजे जमत असेल तर, आपल्या 'जरा'च्या जागी. पिशवी हातात आली की माद्लोबा, आभार. समोरून 'गेनात्स्वाले' ऐकू आलं तर गोंधळू नका. तुझ्या जागी मी होईन, तुझं दुखणं मला येवो, असा त्याचा भाव. आजी बोटं मोडून इडापिडा घेते तेव्हा जे म्हणायचं असतं, तेच.

आणि ज्या फळाचं नाव येत नाही त्याच्याकडे बोट दाखवून हे वाक्य म्हणा: रा ह्ख्विआ आमास खार्थुलाद? याला जॉर्जियनमध्ये काय म्हणतात? 'ह्ख्विआ'मधला तो सुरुवातीचा ह, कुठल्याच फळात न सापडलेला, हे तेहतिसावं अक्षर.

मी शेवटी हे वाक्य वापरलं ते नोव्हेंबरात, तपकिरी, सुरकुतलेल्या, छोट्या फळांच्या एका टोपलीपुढे. मेडलर होतं ते, मऊ पडल्यावरच खायचं. देइदांनी एक फळ माझ्या तळहातावर ठेवलं, माझी बोटं मिटली आणि सावकाश, एकेक व्यंजन सुटं करून सांगितलं: ज़्ग़्मार्त्ली. मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा सांगितलं. चौथ्या खेपेला त्यांनी टोपलीतली आणखी दोन फळं पिशवीत टाकली.